कमानीखालची साक्ष

घरून,
१४ सप्टेंबर १९६८

प्रिय ब्लांका,

तुला आणि लुबोशला भरभरून प्रेम. आम्ही दोघं ठीक आहोत, छप्पर जागेवर आहे आणि मांजराने या सगळ्या गोंधळाची दखलच घेतलेली नाही. काळजी करू नकोस.

तुझं व्हिएन्नाहून आलेलं पत्र मिळालं. समुद्रावर सुट्टी घालवायला गेलेली माणसं, आणि परत येताना आपल्या देशात रणगाडे शिरलेले. पोहायचे कपडे आणि दोन उन्हाळी फ्रॉक एवढ्यावर तू संसार मांडते आहेस हे वाचून हसूही आलं आणि पुढे वाचवेनाही. तुझा लोकरीचा कोट, लुबोशचे बूट आणि आईचा तो फोटो येत्या आठवड्यात कुणाबरोबर तरी पाठवते. अजून माणसं इकडून तिकडे जातायत. सीमा उघडी आहे. किती दिवस ते कुणी सांगत नाही.

इकडची मजा ऐक. रणगाडे आले त्या आठवड्यात रेडिओवरून सांगितलं की रस्त्यांच्या पाट्या काढा, गावांची नावं पुसा. ओता, तुझे भावजी, शिडी घेऊन निघाले. पाठदुखीमुळे बादलीसुद्धा न उचलणारा माणूस! आपल्या गल्लीची पाटी त्यांनी काढलीच, वर पलीकडच्या दोन गल्ल्यांच्याही काढल्या. रशियनांच्या गाड्यांची एक लांबलचक रांग साखर कारखान्याभोवती घिरट्या घालत राहिली. आता पाट्या परत लावायला सांगितल्यात, तर कुठली कुठे होती ते कुणालाच आठवत नाही. आपली पाटी सध्या बेकरीच्या गल्लीत आहे. पोस्टमन परवा ओताला म्हणाला, "ह्रुबेश साहेब, रशियन हरवले ते छान झालं, पण तुम्ही मलाही हरवलंत."

प्लम यंदा फांद्या मोडतील इतके आलेत. दिवसभर मोठ्या पातेल्यात मुरांबा रटरटतोय, हात कोपरापर्यंत जांभळे झालेत.

शाळा सुरू झाली. पहिल्याच तासाला नववीचा वर्ग हाताची घडी घालून बसला. रशियनचं पुस्तक एकानेही उघडलं नाही. आरडाओरडा नाही, उद्धटपणा नाही, नुसतं बसून राहिले. मी पण खुर्चीवर बसले. मग म्हटलं, "मला ही भाषा येत होती म्हणून ऑगस्टमध्ये त्यांच्या तोंडावर विचारता आलं, इथे कशाला आलात म्हणून. तुम्हाला कधी विचारावंसं वाटलं तर काय कराल?"  मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने पुस्तक उघडलं. हळूहळू बाकीच्यांनीही उघडलं.

क्वेता पत्र का लिहीत नाही असं तू विचारतेस. तिला सध्या लिहिता येण्यासारखं नाही. तिच्या आईकडे, यांदोवा काकूंकडे, मी रोज जाते, त्याबद्दल निश्चिंत राहा. तिच्याविषयी पुढच्या पत्रात.

ओताला कपाटात तुझी जुनी छत्री सापडली. तीही पाठवते.

तुझी,
व्लास्ताताई


घरून,
३ नोव्हेंबर १९६८

प्रिय ब्लांका,

तुझं पत्र वाचलं. तू रागावलीस ते बरोबर आहे. लहानपणापासून एका बाकावर बसलेली तुझी मैत्रीण गेली, आणि तुला ते एका अनोळखी माणसाकडून, व्हिएन्नातल्या रांगेत उभी असताना कळावं. मी लिहायला हवं होतं. मी लिहायला बसले की मुरांब्याबद्दल लिहायचे.

हो. क्वेता एकवीस ऑगस्टला गेली, रणगाडे आले त्याच दिवशी. दुपारी, चौकात.

तुला भेटलेला माणूस म्हणाला की ट्रकखाली आली. वर्तमानपत्रातही तसंच आलं, आतल्या पानावर. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. पत्रं हल्ली आपल्याआधी कुणीतरी वाचतं. पण जे छापलंय ते धरून चालू नकोस, एवढं सांगते.

काल मृतांचा दिवस होता. यांदोवा काकू आणि मी दुपारीच गेलो. क्वेताच्या थडग्यावर पाय ठेवायला जागा नव्हती इतक्या मेणबत्त्या. तिचे गणिताचे विद्यार्थी, त्यांचे आईबाप, कधी न पाहिलेली माणसं. कुणी तरी शेवंतीच्या फुलांतून एक त्रिकोण आणि त्याच्या बाजूंवर तीन चौकोन मांडले होते. काकूंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "निदान हे तरी शिकली तिची पोरं."

दगड अजून बसवलेला नाही. काकूंना त्यावर पूर्ण तारीख हवी आहे, दिवस, महिना, वर्ष. स्मशानभूमीच्या व्यवस्थापकाने गोड बोलून सुचवलं की नुसतं वर्ष पुरे, सगळेच तसं करतात. काकू म्हणाल्या, "मग जन्माचीही तारीख नको. लिहा, अशी कुणी नव्हतीच."  दगड घडवणाऱ्याने काही विचारलं नाही, पूर्ण तारीख कोरतो म्हणाला.

तू आम्हाला तिकडे बोलावतेस. ओताने तुझं पत्र दोनदा वाचलं. बघू. सध्या एवढंच म्हणते, बघू.

कोट अंगाला बसतो का ते कळव.

तुझी,
व्लास्ता


घरून,
१२ एप्रिल १९७०

प्रिय ब्लांका,

हे पत्र टपालाने आलेलं नाही, तेव्हा आणणाऱ्या बाईंना आधी गरम कॉफी दे आणि काही विचारू नकोस. त्यांनी कोटाच्या अस्तरात घालून आणलंय. आज पहिल्यांदाच मी तुला मोकळं लिहिणार आहे, म्हणून लांबलचक होईल.

यांदोवा काकू फेब्रुवारीत गेल्या. थंडीत छातीत कफ झाला आणि आठवडाभरात आटोपलं. मी जवळ होते. त्रास फार झाला नाही. लेकीशेजारी त्यांना ठेवलं.

तू पुन्हा अर्जाचे कागद पाठवलेस. बहिणीकडे कायमचं जाऊ देण्याची विनंती, खाली फक्त माझी सही हवी. दीड वर्ष मी तुला "बघू" म्हणते आहे. तुला वाटत असेल ताई घाबरते, किंवा ओता अडून बसलाय. दोन्ही खरं नाही. आता सगळं सांगते, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

त्या दिवशी सकाळी रेडिओ ऐकून क्वेता धावतच आमच्याकडे आली. पिवळा ब्लाउज, केस न विंचरलेले. म्हणाली, "चल, तुझं रशियन आज कामाला येणार." आम्ही दोघी चौकात गेलो. अर्धं गाव तिथे जमलेलं. रणगाडे कारंज्याभोवती उभे, आणि वर पोरं बसलेली, धुळीने माखलेली. मी एकाशी बोलायला लागले. त्याला आपण कुठल्या देशात आलोय तेच माहीत नव्हतं. प्रतिक्रांती झाली म्हणून पाठवलं, असं म्हणाला. मी भाषांतर करून सांगितलं तशी क्वेता पुढे झाली. "त्याला सांग, मी गणिताची बाई आहे. इथे किती प्रतिक्रांतिकारक आहेत ते मोजून दाखव म्हणावं." मी सांगितलं. त्याने खरंच चौकभर नजर फिरवली. म्हाताऱ्या बाया, बाबागाड्या, बेकरीवाला. आणि हसला. आम्हीही हसलो. त्याने पाणी मागितलं. गावाने पाणी द्यायचं नाही असं ठरवलं होतं. क्वेता म्हणाली, "तहान लागली असेल तर घरी जाऊन पी म्हणावं, आई वाट बघत असेल." हे तिने टोमणा म्हणून म्हटलं, पण त्याचा चेहरा एकदम उतरला, आणि तिलाच कसंसं झालं.

दुपारी ते रणगाडे गेले आणि ट्रकमधून दुसरे सैनिक आले. हे वेगळे होते. दमलेले, भेदरलेले, बोट बंदुकीच्या घोड्यावर. कुणी बोलायला तयार नाही. आम्ही नगरपालिकेच्या कमानीखाली सावलीत उभ्या होतो. क्वेताने माझ्या हातात हात अडकवला होता आणि रात्री आईला काय सांगायचं याबद्दल बोलत होती. एका ट्रकच्या धुराड्यातून फटाक्यासारखा आवाज झाला. वर उभ्या असलेल्या एका सैनिकाने दचकून कमानीकडे गोळ्या झाडल्या.

मला वाटलं, ती बुटाचा पट्टा लावायला वाकली.

तिचा हात माझ्या हातातच होता. मी खाली बसले तेव्हा पिवळ्या ब्लाउजवर छातीपाशी एक लहानसं भोक दिसलं, शिवणीतून टाका निसटावा तेवढं. तिने माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही, ब्लांका. मी शपथेवर सांगते, शेवटचे शब्द वगैरे काही नव्हते. ती होती, आणि मग नव्हती.

मी उठून त्या ट्रकपाशी गेले. वर्गात गृहपाठ न केलेल्या पोराला विचारते त्याच आवाजात मी त्याला रशियनमध्ये विचारलं, "हे काय केलंस तू?" त्याच्या ओठांना तहानेने भेगा पडल्या होत्या. तो म्हणाला, "माहीत नाही." पुन्हा म्हणाला, "बाई, मला माहीत नाही." त्याच्या अधिकाऱ्याने त्याला कॉलर धरून आत ओढलं आणि गाडी निघून गेली.

हे झालं. ट्रक तिच्या जवळपासही नव्हता.

आता काकूंचं सांगते, कारण त्याशिवाय माझं कळणार नाही. क्वेताचे वडील पन्नास साली तुरुंगात गेले आणि तिथेच वारले हे तुला ठाऊक आहे. कागदावर न्यूमोनिया लिहिलं होतं. काकूंना सांगितलं, मान्य असल्याची सही करा, तरच त्यांचा कोट आणि घड्याळ मिळेल. पदरात लहान मुलगी. त्यांनी सही केली. मग इतकी वर्षं कुणी विचारलं की त्या "न्यूमोनिया" म्हणायच्या, आणि क्वेता उठून दुसऱ्या खोलीत जायची.

आणि मग अडुसष्टचा तो वसंत आला, बोलण्या-छापण्यावरची बंधनं सैल झाली. तुला आठवतं ना, माणसं वर्तमानपत्रासाठी रांगा लावायची आणि रांगेतच मोठ्याने वाचायची. मे महिन्यात नगरपालिकेत सभा भरली, जुन्या खटल्यांबद्दल. तू त्या दिवशी प्रागला होतीस. एक अनोळखी म्हातारा उभा राहिला, तेसारिक नावाचा, काठी टेकत. म्हणाला, मी यांदांच्या कोठडीत होतो. ते आजारी नव्हते. त्यांना मारहाण झाली, कुणी केली आणि कशी केली ते मी सांगतो. आणि त्याने सांगितलं.  जुलैत काकूंना सरकारी पत्र आलं की चौकशीअंती न्यूमोनियाची नोंद खोटी ठरली आहे. काकूंनी ते पत्र चौकट करून स्वयंपाकघरात लावलं. क्वेता मला म्हणाली होती, "व्लास्ता, लोकांना वाटतं आपण स्वातंत्र्य स्वातंत्र्य म्हणून काहीतरी फार मोठं मागतोय. मला एवढंच हवं होतं. बाबा कशाने गेले ते घरात मोठ्याने बोलता यावं."

त्यानंतर महिन्याभरात ते सैनिक आले.

पोलीस कचेरीतून पहिलं बोलावणं अडुसष्टच्या ऑक्टोबरमध्येच आलं. मजकूर टाइप केलेला तयार होता: ट्रक घसरला, क्वेता यांदोवा चाकाखाली आली, आम्ही प्रत्यक्ष पाहिलं. कमानीखाली उभ्या असलेल्यांपैकी तंबाखूवाल्याने सही केली होती. मी त्याला दोष देत नाही, त्याच्या दोन मुली कॉलेजात आहेत. तिथेच उभा असलेला छायाचित्रकार तोवर कुटुंबासह कॅनडाला गेला होता. मी सही केली नाही. काकूंनाही बोलावलं होतं. त्या बाहेर आल्या. "नवऱ्याच्या वेळी केली होती," त्या म्हणाल्या. "लेकीच्या वेळी नाही."

एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात ओता निघायचं म्हणू लागला. पासपोर्ट होते, सुटकेस भरली होती. एकवीस ऑगस्टला वर्ष झालं म्हणून लोक फुलं घेऊन थडग्याशी जमले, तेव्हा पोलिसांनी पाण्याचे फवारे मारून पांगवलं. आपल्याच पोलिसांनी, ब्लांका, आपल्याच भाषेत शिव्या देत. आम्ही ओलेचिंब घरी आलो. ओताने शर्ट पिळला आणि शांतपणे म्हणाला की आता पुरे, पुढच्या आठवड्यात निघू.

मी त्याला म्हटलं, "तेसारिक जगला म्हणून काकूंना खरं कळलं. जगला आणि इथेच राहिला म्हणून. मी गेले तर क्वेता ट्रकखालीच मेली."

तो म्हणाला की व्हिएन्नात जाऊन सांग, जगभर छापतील.

"तिथे मी पळून गेलेली बाई. इथे मी शेजारीण आहे, जिला सगळे ओळखतात."

तो उठला. मग सुटकेसमधले आपले शर्ट एकेक काढून परत कपाटात ठेवायला लागला. म्हणाला, "बायको म्हणून तू कटकटी होतीसच. साक्षीदार म्हणून त्याहून कटकटी निघालीस." आम्ही दोघं हसलो. सुटकेसच्या तळाशी हातमोजे राहिले होते, ते मी काढून ठेवले. ऑक्टोबरात सीमा बंद झाली.

यंदा जानेवारीत शाळेत समिती बसली. सगळ्या शिक्षकांना एकेक करून आत बोलावत होते. अध्यक्ष कोण, तर आपल्या शाळेतले व्यायामाचे मास्तर, बौदा. अडुसष्टच्या मेमध्ये तेच गळ्यात झेंडा बांधून फिरत होते. त्यांनी तो प्रश्न विचारला, जो सध्या रणगाड्यांचं नाव न घेता सगळ्या देशाला विचारतात: मित्र सैन्याच्या मदतीशी तुम्ही सहमत आहात का? मी नाही म्हटलं. मग त्यांनी तोच जुना कागद काढला. म्हणाले, यावर सही केलीत तर पहिल्या उत्तराचं काहीतरी करता येईल. रशियनच्या शिक्षिका कमी आहेत, तुमची गरज आहे.

मी विचारलं, "नगरपालिकेच्या कमानीला पायऱ्या आहेत. ट्रक पायऱ्या चढून आला का?"

"बाई, हा भूमितीचा तास नाही."

"नाही ना. भूमितीच्या बाई गेल्या, म्हणून तर मला बोलावं लागतंय."

शेजारी बसलेल्या दोघांनी मान खाली घातली. बौदा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. वाईट माणूस नाही तो. दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले की गेलेली माणसं परत येत नाहीत, जिवंत माणसांनी जगायला हवं. मी म्हटलं, जगतेच आहे.

पुढच्या सोमवारी शाळेतून काढल्याचा कागद आला. ओताची कारखान्यातली मोठी जागा गेली, आता तो बॉयलर सांभाळतो. मी गावच्या इस्पितळाच्या धुलाईघरात काम करते. वाफ, ओल्या चादरी, सोडा. पहिल्या महिन्यात हाताची सालं निघाली, आता हात निबर झालेत. तू यावर रडशील हे मला माहीत आहे, म्हणून सांगते की तिथल्या बाया जिवाला जीव देणाऱ्या आहेत. माझ्या शेजारी इस्त्रीवर मिलाडा नावाची दांडगी बाई आहे. पहिल्या दिवशी तिने सरळ विचारलं, "मास्तरीणबाई, काय केलंत म्हणून इथे आलात?" मी चादर घडी करता करता सगळं सांगितलं. कमान, पिवळा ब्लाउज, तो पोरगा, त्याचं "माहीत नाही." यंत्रं चालू होती तरी सगळ्या ऐकत होत्या. संपलं तेव्हा मिलाडा म्हणाली, आपल्या बहिणीला तर क्वेता ट्रकखाली मेली असंच ठाऊक आहे, रविवारी जाऊन सांगते. बघ, शाळेत राहिले असते तर हे मला वर्गात बोलता आलं नसतं. इथून मला अजून खाली कुठे पाठवणार?

काय पाहिलं ते मी स्वतः लिहून न्यायालयाच्या कचेरीत दिलं. त्यांनी परत पाठवलं, अशा प्रकारचं निवेदन स्वीकारता येत नाही म्हणून. मी पुन्हा लिहून दिलं. पुन्हा परत आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा देणार आहे. खिडकीवरची मुलगी आता मला पाहिलं की सुस्कारा सोडते, पण तारखेचा शिक्का मारते.

फेब्रुवारीत, जाण्याच्या आदल्या दिवशी, काकूंनी मला उशाशी बसवलं. मला वाटलं काही मागतील, वचन वगैरे. त्यांनी मागितलं नाही. उलट म्हणाल्या, "तुला जायचं असेल तर जा, पोरी. मी तुला बांधून ठेवत नाही." मी म्हटलं, माहीत आहे काकू. आणि त्यांची उशी सारखी केली. म्हणजे बघ, मला कुणीही थांबवलेलं नाही. ना काकूंनी, ना ओताने, ना क्वेताने. मी माझी मीच थांबले आहे.

अर्जाचे कागद याच बाईंबरोबर परत पाठवते आहे. ते पुन्हा पाठवू नकोस. मला तुझी आठवण येते, इतकी की कधी कधी तुझ्या लग्नातल्या फोटोवर चिडून बसते. पण पुन्हा पाठवू नकोस.

तुझ्याकडे एकच काम आहे. तिथे आपल्या भाषेत बोलणारी माणसं भेटतात, जमतात, मुलं वाढवतात. त्यांच्यात क्वेता यांदोवा हे नाव घे. ती कशी हसायची, गणिताच्या तासाला खडू कशी फेकून मारायची तेही सांग. नुसती मेली एवढंच सांगू नकोस. आणि कशी गेली ते विचारलं, तर या पत्रातलं सांग.

बहिणीला लिहिताना कुणी पूर्ण नाव घालत नाही. मी घालते आहे, कारण वर जे लिहिलं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्याखाली मी आनंदाने सही करते.

तुझी ताई,
व्लास्ता ह्रुबेशोवा,
रशियन भाषेची शिक्षिका